आमेन म्हणजे सही

सर्व बंधुभगिनींना, मित्रांना, हितशत्रूंना आणि रस्त्यानं सहज जाणाऱ्यायेणाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, छावणी भागातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनं बदलत्या हवामानाविरुद्धचा लढा जिंकलेला आहे. कृपया सर्वांनी उभे राहावे. उभे राहून झाले असेल तर आमच्या चर्चच्या आवारातल्या विहिरीकडे यावे. तिच्या कठड्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली आहे. तीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे की, सृष्टीच्या रक्षणाची दूरदृष्टी ठेवून या मंडळीच्या कमिटीनं ही ऐतिहासिक विहीर जतन केली, छपराचं पाणी तिच्यात सोडलं आणि परिसरातल्या तहानलेल्यांची सेवा केली. खाली तीन नावं आहेत. पहिलं पाळकसाहेबांचं. दुसरं कमिटीचे चेअरमन भाऊसाहेब यांचं. तिसरं, सचिव म्हणून, माझं.

गेल्या रविवारी पाटीचं अनावरण झालं. मखमली पडदा होता. त्याची दोरी अडकली, ती भाऊसाहेबांनी दातांनी सोडवली, टाळ्या झाल्या, समोसे झाले. मी समोसा हातात धरून ती पाटी चार वेळा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. फक्त पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ती खोटी आहे.

ज्या कमिटीनं विहीर जतन केली असं पाटी म्हणते, त्याच कमिटीनं ती बुजवायचा ठराव एकमतानं केला होता. मला पक्कं माहीत आहे, कारण तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. आणि ज्यांच्यामुळं विहीर राहिली, त्या बाईंचं नाव पाटीवर कुठंच नाही. का नाही, असं मी बैठकीत विचारलं. उत्तर मिळालं, "त्या कमिटीच्या सदस्य नव्हत्या. नियमात बसत नाही."

नियमात बसत नाही! बाई नियमानं वागल्या असत्या तर त्या पाटीच्या जागी आज कुणाची तरी पांढरी मोटार उभी असती. तेव्हा पाटीवर नाही ते मी इथं लिहितो. कागद ग्रॅनाइटइतका टिकणार नाही, पण त्याला पडदा लावावा लागत नाही.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. उंच, काटक, अंगावर सुती साडी आणि पायात पीटीच्या तासाला मुलं घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात बारा महिने पुरुषांची काळी छत्री. ती उन्हाळ्यात उघडलेली असायची आणि पावसाळ्यात मिटलेली. कुणी विचारलं की म्हणायच्या, "मराठवाड्यात राहून पावसाला छत्री दाखवायची? लाज वाटत नाय का?"

सातवीत मी नकाशात गोदावरी पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहती काढली होती. बाईंनी माझी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. "बघा रे, यानं बंगालचा उपसागर नाशिकला आणून ओतला." त्यानंतर चाळीस वर्षं, लग्नात, मयतीत, भाजीबाजारात, जिथं भेटतील तिथं त्या मला एकच प्रश्न विचारायच्या, "काय रे, नदी कुठं चाललीय?" मी पन्नाशीचा झालो, केस गेले, मंडळीचा सचिव झालो, तरी प्रश्न तोच. सचिव झालो त्या दिवशी मात्र त्यात थोडी भर पडली. "नदी उताराकडं जाते आणि तू खुर्चीकडं. दोघांनाबी अडवता येत नाय."

दरवर्षी त्या आमच्या वर्गाला पाणचक्कीला न्यायच्या. बाकीच्या शाळांची पोरं हौदातले मासे बघायची, आम्हाला बाई जमिनीखालची नहर समजावून सांगायच्या. डोंगरातलं पाणी, खापराचे नळ, मैलोन्‌मैल उतार धरून आलेलं, पंप नाही, वीज नाही. "ज्यांनी हे केलं त्यांच्याकडं भूगोलाचं पुस्तक नव्हतं," बाई म्हणायच्या, "तुमच्याकडं हाय. मग तुमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी का येत नाय, हा प्रश्न परीक्षेत येणार नाय. आयुष्यात येणार हाय."

आता मंडळीतल्या बाई. इथं त्यांची एक खोड आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडं प्रार्थनेला आमेन म्हणायची एक रीत आहे. प्रार्थना करणारा एकेक मागणं मागून थांबतो आणि सगळी मंडळी एका सुरात "आमेन" म्हणते. पहिल्या बाकावरून भाऊसाहेब हे आमेन अर्धा क्षण आधी उचलतात. त्यांचा आवाज असा की कबुतरं उडतात. त्यांच्या मागोमाग आम्ही. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. मागणं कसलं आहे ते कुणी ऐकत नाही. आवाज खाली आला, श्वास घेतला गेला, की आमेन.

बाई तसं करत नसत. त्या मागणं पूर्ण ऐकायच्या, जरा विचार करायच्या आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, शांततेत, एकट्या म्हणायच्या, "आमेन." आणि पटलं नसेल तर म्हणायच्याच नाहीत. दर रविवारी ते उशिरा आलेलं एकटं आमेन ऐकून पोरं खुसुखुसु हसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमेन म्हणजे सही. वाचल्याशिवाय करू नये."

त्यांची दुसरी खोड म्हणजे पाऊस मोजणं. आवारातल्या कडुलिंबापासून जरा दूर, मोकळ्यावर, त्यांनी बाटली आणि नरसाळं वापरून एक पर्जन्यमापक केला होता. उपासनेत सूचना वाचून झाल्या की त्या उभ्या राहायच्या आणि आठवड्याचा पाऊस सांगायच्या. बहुतेक रविवारी सूचना अशी असे, "पाऊस. शून्य." एवढं बोलून खाली बसायच्या. जुने पाळकसाहेब यावर मान डोलवायचे. नवे पाळकसाहेब आले ते तरुण, इस्त्रीचे आणि माइकवर प्रेम करणारे. दुसऱ्याच रविवारी ते गोड हसून म्हणाले, "बाई, ही उपासना आहे, वेधशाळा नव्हे."

बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, आपण दर जूनमध्ये देवाकडं पाऊस मागतो. दिला किती, ते बघायला नको?"

त्या दिवसापासून पावसाची सूचना बंद करण्यात आली. कोण काय करणार? कमिटीनं पाळकसाहेबांना पाठिंबा दिला. कमिटी म्हणजे आम्हीच की!

पण बाईंना नुसतं आकड्यांचं वेड होतं असं समजू नका. आमचं चर्च जुनं, दगडी, हातभर जाड भिंतींचं. मे महिन्यात सगळी छावणी तव्यासारखी तापते तेव्हा आत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. आणि ही भागातली सगळ्यांत थंड इमारत आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद! बाई माझ्याकडं आल्या. "दुपारी बारा ते चार दार उघडं ठेव. हमाल, रिक्षावाले, भाजीवाल्या, कुणीबी येऊन टेकतील."

मी सचिवाला शोभेल असा चेहरा करून म्हटलं, "बाई, ठराव करावा लागेल."

"उष्माघाताला ठराव लागतो का रे?" त्या म्हणाल्या आणि गेल्या. तीन दिवसांनी दुपारी भाऊसाहेबांचा फोन आला. मी धावत गेलो. दार सताड उघडं. बाईंनी किल्ली कुठून करून आणली ते आजतागायत कळलेलं नाही. आत बाकांवर सात-आठ रिक्षावाले गाढ झोपले होते, एक म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बसली होती आणि बाई वेदीच्या पायरीवर बसून सगळ्यांना तांब्यानं पाणी देत होत्या.

भाऊसाहेब गरजले, "ही काय धर्मशाळा आहे? देवाचं घर आहे हे!"

"दोघांत फरक काय ते मला लिहून द्या," बाई म्हणाल्या. "आन् जरा हळू बोला. लोकं झोपलीत."

आम्ही कुलूप बदललं. होय, बदललं! त्याचा ठराव लगेच झाला, त्याच संध्याकाळी, एकमतानं. लोक उन्हानं कासावीस होत होते आणि आम्ही सात लिव्हरचं कुलूप कुठलं चांगलं यावर पाऊण तास चर्चा केली. बाकाचं पॉलिश खराब होतं, हा मुद्दा कुणी मांडला होता? सचिवानं. माझंच हस्ताक्षर.

तेव्हा आम्ही सृष्टीसाठी काही केलंच नाही, असं म्हणता येणार नाही. आम्ही पर्यावरण रविवार साजरा केला. वीस फुटी फ्लेक्स छापला. त्यावर हिरवी पृथ्वी, पाळकसाहेब, भाऊसाहेब आणि मी, तिघेही दूरवर बघत असलेले. दहा रोपं लावली, ती प्लास्टिकच्या पिशवीसकट, कारण पाहुण्यांना पुढं फर्दापूरला जायची घाई होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी एकटीनं ती दहाच्या दहा रोपं उकरली, पिशव्या कापल्या आणि परत लावली. फ्लेक्स मात्र त्यांनी मागून नेला. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून. आवाराच्या भिंतीला लागून मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचं दुकान आहे. त्यांच्या छपराला भोक पडलं होतं. पुढं दोन वर्षं त्या छपरावर मी उताणा पडून, तोंड आभाळाकडं करून पाऊस झेलत होतो. मंडळीसाठी मी उन्हापावसात केलेलं खरं काम तेवढंच.

आता गारांची गोष्ट. आमच्याकडं कापणीचा सण रब्बीचं पीक आल्यावर करतात. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढं आणून ठेवायचं, गहू, हरभरा, कांदे, पपई. ज्यांचं काहीच पिकत नाही, म्हणजे आम्ही शहरी, ते केक, बिस्किटांचे पुडे आणि एकदा तर प्रेशर कुकर घेऊन आलो होतो. त्या वर्षी सणाच्या आदल्या दुपारी पिशोरकडं गारपीट झाली. बाईंच्या भावाची शेती तिकडंच. कापायला आलेला गहू पंधरा मिनिटांत चिखलात गेला.

सणाच्या दिवशी बाई सकाळच्या पहिल्या एसटीनं आल्या. हातात स्टीलचा मोठा थर्मास. वेदीपुढं सगळं मांडलेलं, पिवळी केळी, लाल सफरचंदं, मधोमध तीन मजली केक. बाईंनी केक थोडा सरकवला, परात ठेवली आणि थर्मास उपडा केला. खडखड असा आवाज आला. लिंबाएवढ्या, काही बोराएवढ्या, अर्ध्या वितळलेल्या, गढूळ गारा.

"हे आमच्या वावरातलं यंदाचं पीक," बाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटांत कापणीबी झाली, मळणीबी झाली. स्वीकार करा."

पाळकसाहेब सावरले आणि म्हणाले, की ही सगळी शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, शास्त्रात असं होणार हे सांगितलेलंच आहे, विश्वासणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. मग त्यांनी हलकेच हात करून ती परात उचलायला सांगितलं, कारण फोटो काढायचे होते.

उचलायला कुणी उठेना. उठल्या त्या काकू. काकू म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. कन्नड तालुक्यातल्या एका वाडीतल्या, जिथं लहानपणी त्यांनी डोक्यावर तीन-तीन घागरी वाहिल्या. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षांत त्यांचा आवाज चर्चमध्ये गाण्याव्यतिरिक्त कुणी ऐकला नव्हता. आमेनसुद्धा पुटपुटायच्या. त्या पुढं आल्या, परातीतली एक गार उचलली आणि तळहातावर घेऊन बघत राहिल्या. ती पाणी होऊन बोटांतून गळेपर्यंत उभ्या होत्या. मग पदराला हात पुसून जागेवर जाऊन बसल्या. फोटोत ती परात नाही. त्या वर्षीच्या फोटोत केक फार सुंदर आला आहे.

यानंतर तीन महिन्यांनी आम्ही विहीर बुजवायला घेतली.

विहीर म्हणजे आवारातली जुनी दगडी विहीर. फार पूर्वीच्या एका दुष्काळात मंडळीतल्याच लोकांनी धान्याच्या बदल्यात हातांनी खणलेली. खणणाऱ्यांत बाईंचे पणजोबा होते. खुद्द भाऊसाहेबांचेही होते, पण ते भाऊसाहेबांना आठवत नसे. आता तिच्यावर लोखंडी जाळी होती आणि जाळीतून आत आम्ही अनेक वर्षांचे नाताळचे तारे, थर्माकोलचा गोठा आणि तुटक्या खुर्च्या टाकल्या होत्या. मंडळीचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता. पाहुण्यांच्या गाड्या कुठं लावायच्या? ठराव झाला : विहीर मुरूम टाकून बुजवावी, सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवावेत. मी ठराव वाचला, सगळ्यांनी न ऐकता हात वर केले आणि वहीखाली सह्या केल्या.

बातमी कळल्यावर बाई पंपवाल्या चाचांना घेऊन आल्या. चाचांनी दोरीला दगड बांधून जाळीतून खाली सोडला. खालून डुबुक असा आवाज आला.

"पानी है बाईजी," चाचा म्हणाले. "इत्ते सालां से कचरा खा के भी जिंदा है बावडी. कायकू बंद कर रे ये लोगां?"

"गाड्या लावायच्यात," बाई म्हणाल्या.

"गाडियां पानी पे चलतीं क्या?" चाचांनी इतक्या निरागसपणे विचारलं की मला दुसरीकडं बघावं लागलं.

त्याच संध्याकाळी बाई कमिटीपुढं आल्या. कागदावर चर्चच्या छपराचं चित्र काढून आणलं होतं. एवढं मोठं उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंनी पन्हाळी लावायच्या, एक नळ, मध्ये रेती-खडीची गाळणी, आणि पाणी सरळ विहिरीत. गाळ चाचा फुकट काढून देणार. "छावणीत कुणाकडं एवढं मोठं छप्पर नाय," त्या म्हणाल्या. "देवानं आपल्याला छप्पर दिलं, आपल्या पूर्वजांनी विहीर दिली. मधला वीस फूट पाइप तेवढा आपण द्यायचाय. पाणचक्कीवाल्यांनी डोंगर आणला, तुमच्यानं वीस फूट व्हईना?"

पाळकसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमची कळकळ पोचते. पण हे जग आज ना उद्या लयाला जाणार. आपण आत्म्यांची काळजी घ्यायची."

"जग जायचंच असंल," बाई म्हणाल्या, "तर पेव्हर ब्लॉकची दहा वर्षांची गॅरंटी कशाला लिहून घेतली?"

ती गॅरंटी मी लिहून घेतली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मी पेनचं टोपण शोधायला लागलो.

बाई माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता गोदावरी निघणार. पण त्यांनी ठरावाची वही उचलली, वाचली आणि इतकंच विचारलं, "हे तू वाचून लिहिलंस?" मी मान हलवली. कुठल्या दिशेनं, ते मलाही सांगता येणार नाही. वही खाली ठेवून त्या निघून गेल्या. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या आहेत, पण इतकं खजील कुणी केलेलं नाही.

मुरुमाचा ट्रक सोमवारी सकाळी सातला येणार होता.

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. ट्रक आला नाही. गाळ निघाला, त्यातून एकवीस तारे आणि गोठ्यातली एक थर्माकोलची मेंढी निघाली. चाचांनी पाइप बसवला. आज नळाला पाणी नसतं तेव्हा मागच्या मोहल्ल्यातल्या बाया आणि आमच्या मंडळीतल्या बाया एकाच रांगेत कॅन घेऊन भांडत असतात. मे महिन्यात दुपारचं दारही उघडं असतं. बाकीच्या आवारात पेव्हर बसले ते बसलेच, कडुलिंबही गेला. बाईंनी दोन वर्षं विहिरीचं पाणी दोरीला गाठी मारून मोजलं आणि तिसऱ्या वर्षी त्या गेल्या. मातीला चाचा आले होते. ती गाठींची दोरी त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे आणि चाचा तिला कुणाला हात लावू देत नाहीत.

आणि आम्ही पाटी बसवली! दूरदृष्टी! आमची दूरदृष्टी त्या फ्लेक्सवर होती तेवढीच, छपरावर उताणी पडलेली. त्या विहिरीचं श्रेय घेताना या तिघांना एकदाही ठसका लागू नये? समोसा तरी घशात अडकावा की नाही? माझा अडकला. म्हणूनच हे लिहितोय.

तर ट्रक का आला नाही? त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, पावसासाठी प्रार्थना होती. जून सरत आला होता आणि आभाळ कोरडं ठाक. चर्च भरलेलं. पाळकसाहेबांनी माइकवरून सुरेल प्रार्थना केली, प्रत्येक मागण्याला भाऊसाहेबांचं आमेन, मागून आम्ही. मग ते म्हणाले, "आणखी कुणाला प्रार्थना करावीशी वाटत असेल तर करावी."

बाई उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केलेली कुणी ऐकली नव्हती. पाळकसाहेबांना बरं वाटलं असणार. ही बाई अखेर आकडे सोडून देवाकडं वळली. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू," बाई म्हणाल्या, "आमच्या मंडळीवर तू पुष्कळ कृपा केलीस."

"आमेन!" भाऊसाहेब. "आमेन," आम्ही.

"आम्हाला तू मोठं छप्पर दिलंस आन् त्याच्यावर वर्षानुवर्षं पाणी ओतलंस."

"आमेन!"

"ते पाणी आम्ही गटारीत सोडलं, गटार खाम नदीत सोडली, आन् मग टँकर मागवला."

"आमेन!"

मी एक डोळा उघडला. बाई डोळे मिटून, छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. चेहरा अगदी शांत. मला काहीतरी कळल्यासारखं झालं, पण तोंडानं आमेन निघून गेलेलं होतं.

"प्रभू, तुझं देणं ठेवायला आमच्याकडं एकच भांडं उरलंय, आमच्या पणजोबांनी हातानं खणलेलं. ते आम्ही उद्या सकाळी सात वाजता मुरूम टाकून बुजवणार हावोत."

"आमेन!!" भाऊसाहेबांचं हे आमेन आधीच्या सगळ्यांहून मोठं होतं. आपल्या ठरावाला चक्क प्रार्थनेत जागा मिळाली म्हणून ते खूश झाले असावेत. कबुतरं उडाली. मागून सगळी मंडळी, "आमेन!"

"म्हणून प्रभू, तुझ्यापाशी कळकळीनं मागते. यंदा आम्हाला पाऊस देऊ नकोस."

"आमेन!!!"

एका सुरात. पुरुष, बाया, गायकवर्ग, पाळकसाहेब, सचिव, सगळे. असं दणदणीत आमेन आमच्या मंडळीत आधी कधी झालं नव्हतं.

"जिथं लोकं भांडी मांडून बसलीत तिथं दे. येशूच्या नावानं मागते."

या वेळी आमेन आलं नाही. आधीचं सगळ्यांच्या कानांत एव्हाना पोचलं होतं. डोळे एकामागून एक उघडत गेले. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांचं तोंड माइकसमोर उघडं राहिलं होतं आणि माइकातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. भाऊसाहेब मान वळवून मागं बघत होते, जणू ते आमेन दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं. त्या शांततेत बाईंनी नेहमीसारखा जरा विचार केला आणि एकट्या म्हणाल्या, "आमेन." मग खाली बसून छत्री मांडीवर आडवी ठेवली.

आता म्हटलेलं आमेन परत कसं घ्यायचं? तशी तरतूद कुठल्याच नियमात नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी पाळकसाहेबांकडं, पाळकसाहेबांनी छताकडं. वर पंखे फिरत होते. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर, खळकन आवाज झाला, बांगड्यांचा. काकू उभ्या राहिल्या होत्या. तीस वर्षांचं गप्प बसणं एका दमात संपवून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात त्या नवऱ्याला म्हणाल्या,

"आवं, आमेन काय म्हन्ता! त्या मुरुमवाल्याला फोन लावा आधी!"